व्यसनमुक्ती : स्वबळ आणि साहाय्य
(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त दिलेले व्याख्यान)



महोत्सवाच्या समयी गत वर्षांचे स्मरण करावे, ज्या वडीलधाऱ्यांनी हा धर्मग्राम उभा केला त्यांचे ऋण मानावे आणि देवाची स्तुती करावी, ही आपली रीत आहे. ते कार्य आमच्या आधीच्या वक्त्यांनी उत्तम प्रकारे केले आहे. आम्ही मात्र आज एक निराळा विषय घेतला असून त्याचे कारणही सांगतो. महोत्सव हा मूळचा बंधमुक्तीचा काळ होय. पन्नासावे वर्ष उजाडले म्हणजे दास्यात पडलेल्यांस मोकळे करून आपापल्या घरी जाऊ द्यावे, अशी इस्राएल लोकांस आज्ञा होती. असे असता बारामती-इंदापूरच्या ह्या मुलखात घराघरांतून जे दास्य आज चालू आहे, त्याचे नावही न उच्चारता उत्सव साजरा करणे आम्हांस प्रशस्त वाटले नाही. ते दास्य दारूचे, ताडीचे, गांजाचे, झोपेच्या गोळ्यांचे आणि तंबाखू-गुटख्याचे होय.

व्यसन वाईट असते, हे सांगण्यास आम्ही उभे राहिलो नाही. ते व्यसनी मनुष्यास आमच्यापेक्षा अधिक ठाऊक असते. आमचा प्रश्न त्यापुढचा आहे. ज्यास खरोखर सुटावयाचे आहे त्याने एकट्याने, स्वतःच्या बळावर सुटावे, की दुसऱ्याचे साहाय्य मागावे? आमच्याकडे ह्या कामी जी माणसे येतात, त्यांचे बोलणे बहुधा एकच असते : "फादर, माझे मीच सोडीन, पण कोणाला कळू देऊ नका." ह्या वाक्यात दोन गोष्टी एकत्र बांधलेल्या आहेत. "मीच सोडीन" हा निश्चय झाला. "कोणाला कळू देऊ नका" ही लाज झाली. निश्चयाचा आम्ही आदर करतो. पण निश्चयाच्या पाठीवर लाज बसली म्हणजे तो फार दूर चालत नाही. ह्या दोहोंची फारकत करणे, एवढाच आजच्या बोलण्याचा हेतू आहे.

प्रथम स्वबळाच्या बाजूने जे न्याय्य आहे ते मान्य करू. स्वतःहून व्यसन सोडलेली माणसे जगात पुष्कळ आहेत. विडी-सिगारेट सोडलेल्यांपैकी बहुतेकांनी कोणत्याही दवाखान्याची पायरी न चढता ती सोडलेली असते. मात्र त्यांतील बहुतेकांचे आधीचे अनेक प्रयत्न फसलेले असतात, हेही खरे. याहून विलक्षण उदाहरण सैनिकांचे आहे. व्हिएतनामच्या युद्धात गेलेले अनेक अमेरिकन शिपाई तेथे हेरॉइनच्या आहारी गेले होते. १९७१ साली मायदेशी परतलेल्या अशा शिपायांची ली रॉबिन्स नामक विदुषीने पाहणी केली, तेव्हा असे दिसून आले की त्यांतील बहुतेकांनी घरी आल्यावर ते विष सोडून दिले होते, आणि उपचार घेतलेले फारच थोडे होते.

परंतु हे का घडले, ते नीट पाहा. त्या शिपायांचा देश बदलला, सोबती बदलले, भय गेले, आणि हाताशी येणारे हेरॉइनही गेले. आपल्या मनुष्याचे तसे कोठे असते? तो रविवारी रात्री निश्चय करतो आणि सोमवारी त्याच रस्त्याने, त्याच गुत्त्यावरून, त्याच सोबत्यांबरोबर कामावर जातो. नीरेच्या डाव्या कालव्याने व उजनीच्या पाण्याने ह्या कोरड्या मुलखात ऊस आला. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथे साखर कारखाने उभे राहिले. ज्यांच्या आजोबांनी दुष्काळात खडी फोडली त्यांच्या नातवांच्या हाती पैसा आला. हे देवाचे उपकार होत. पण साखरेबरोबर मळी निघते आणि मळीपासून मद्यार्क होतो, हेही आपण जाणतो. बिलाचा हप्ता, पगाराचा दिवस आणि बाजाराचा वार हे तिन्ही ज्याला भितात असा मनुष्य आपल्या आळीत नसेल, असे कोणी म्हणू नये. जेथे भोवतालचे काहीच बदलत नाही तेथे एकट्या निश्चयाने लढणे म्हणजे फुटलेला पाट दोन हातांनी अडविण्यासारखे आहे. तेथे चार माणसे, पोती आणि माती लागते. आणि ती बोलाविण्यात कोणाही शेतकऱ्यास कमीपणा वाटत नाही.

आता एक गोष्ट सावधगिरीची सांगतो, कारण तिच्यावाचून माणसे प्राणास मुकतात. जो मनुष्य अनेक वर्षे रोज भरपूर दारू पितो, त्याने एका दिवसात ती एकट्याने बंद करणे धोक्याचे असते. त्याच्या शरीरास मद्याची सवय जडलेली असते. पेला बंद झाल्यावर काही तासांतच हात कापू लागतात, घाम सुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो. भिंतीवर किडे दिसतात, नसलेले आवाज ऐकू येतात, अंगात ज्वर चढतो. ह्या अवस्थेत उपचार न मिळाल्यास मृत्यू येऊ शकतो. घरची माणसे समजतात की बाहेरचे काही लागले, आणि अंगारा शोधीत फिरतात. वास्तविक त्या घटकेस रुग्णालयाची वाट धरावयाची असते. झोपेच्या गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्यासही हाच नियम लागू आहे. त्या वैद्याच्या सांगण्यावरून हळूहळूच कमी कराव्या लागतात. ब्राउन शुगरसारख्या अफूजन्य पदार्थांचा धोका निराळा आहे. ते सोडताना यातना होतात, पण त्यापेक्षा भय पुढे असते. काही काळ सोडल्यावर शरीराची सहनशक्ती उतरते, आणि मोह होऊन मनुष्याने पूर्वीचेच प्रमाण पुन्हा घेतले तर श्वास बंद पडतो. म्हणून, "आधी सोडून दाखवितो, मग डॉक्टरकडे जातो," हा क्रम उलटा आहे.

कोणी म्हणेल, "फादर, उपवासकाळात मी चाळीस दिवस थेंबही घेत नाही, मग मी व्यसनी कसा?" उपवासकाळातील त्यागास आम्ही थोर मानतो. पण ज्याची दृष्टी पहिल्या दिवसापासून पुनरुत्थानाच्या सणावर खिळलेली असते, आणि त्या दिवशी मिस्सा आटोपताच जो चाळीस दिवसांची भरपाई करतो, त्याने दारू सोडली नाही. ती ठेव म्हणून ठेविली. थांबणे आणि सुटणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. थांबण्यास इच्छा पुरते; सुटण्यास नवे जिणे लागते, आणि जिणे एकट्याने बदलत नाही.

ह्या बाबतीत आपल्या शेजाऱ्यांकडून शिकण्यासारखे आहे. दर वर्षी तुकोबांची पालखी बारामतीहून सणसरला जाते, बेलवाडीस रिंगण होते, आणि निमगाव केतकीवरून ती इंदापुरास येते. आपणांपैकी कित्येकांनी त्या वाटेवर वारकऱ्यांस पाणी पाजले आहे. त्यांच्यात जो माळ घालतो तो दारू व मांस सोडतो. ती माळ त्याच्या गळ्यात सर्वांच्या दृष्टीसमोर असते. सोबती त्याच्यापुढे पेला धरीत नाहीत, घरचे त्याचा मान राखतात, आणि तो एकटा चालत नसून दिंडीत चालतो. निश्चय त्याचा स्वतःचाच असतो. तो टिकविण्यास मात्र शंभर माणसे असतात. उलट जो गुपचूप, मनातल्या मनात शपथ घेतो, त्याची शपथ मोडली तरी कोणास कळत नाही, आणि पाळली तरी कोणी शाबासकी देत नाही.

आपल्या ख्रिस्तसभेतही असेच दाखले आहेत. आयर्लंडातील डब्लिन शहरी मॅट टॅलबट नावाचा मजूर होता. बालवयातच त्यास दारू लागली. १८८४ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, खिशात पैसा नसता तो गुत्त्याबाहेर उभा राहिला. ज्या सोबत्यांस त्याने अनेकदा पाजले होते त्यांपैकी एकानेही त्यास आत बोलाविले नाही. तो घरी गेला, आईला आपला निश्चय सांगितला आणि धर्मगुरूंकडे जाऊन त्याने शपथ घेतली. ती शपथ जन्माची नव्हती, अवघ्या तीन महिन्यांची होती. ती पुरी झाल्यावर त्याने पुन्हा घेतली, आणि पुढे जन्माची घेतली. १९२५ साली मरेपर्यंत, म्हणजे एक्केचाळीस वर्षे, तो दारूला शिवला नाही. १९७५ साली ख्रिस्तसभेने त्यास 'पूजनीय' ही पदवी दिली. लोक म्हणतात, त्याने एकट्याने सोडिली. पण पाहा : आईला सांगितले होते, धर्मगुरूंपुढे शपथ होती, रोज पहाटेची मिस्सा होती, आणि पूर्वीच्या सोबत्यांची वाट त्याने सोडली होती. ह्यास एकटेपणा म्हणता येईल काय?

दुसरा दाखला अधिक हृदयद्रावक आहे. चीन देशात मार्क जी तियानश्यांग नावाचे एक कॅथोलिक वैद्य होते. ते गोरगरिबांस फुकट औषध देत. पोटाच्या विकारावर त्यांनी अफू घेतली, आणि ती त्यांस जडली. ते वारंवार पापनिवेदन करीत आणि वारंवार पडत. त्या काळी हा रोग आहे हे कोणी जाणत नव्हते; त्यांचा पश्चात्ताप खरा नाही असे समजून त्यांस साक्रामेंते देणे बंद झाले. सुमारे तीस वर्षे ते ख्रिस्तप्रसादावाचून राहिले, तरी मिस्सेस येणे त्यांनी सोडले नाही. १९०० सालच्या बॉक्सर बंडात श्रद्धेसाठी त्यांनी प्राण दिला, आणि २००० साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांस संतपद दिले. तीस वर्षे ज्याची अफू सुटली नाही असा मनुष्य आज वेदीवर संत म्हणून पूजिला जातो. मग इच्छा दुर्बळ म्हणून व्यसन, आणि व्यसन म्हणून पापी, असा सरळ हिशेब मांडणाऱ्याने जरा थांबावे. पापनिवेदनाने पापाची क्षमा मिळते. पण कापणारे हात थांबविण्यास वैद्य लागतो, आणि वैद्यही देवानेच दिलेला आहे.

जे साहाय्य मार्क जी यांस मिळाले नाही, ते आज उपलब्ध आहे. त्याचा उगमही जाणून घेण्यासारखा आहे. १९३५ सालच्या मे महिन्यात अमेरिकेतील ॲक्रन शहरी बिल विल्सन नावाचा एक व्यापारी धंद्यात अपयश येऊन हॉटेलात उभा होता. काही महिन्यांपूर्वीच त्याने दारू सोडली होती, आणि समोर मद्यालय होते. त्यास एक गोष्ट सुचली : आपण सुटलेले राहावयाचे तर दुसऱ्या एखाद्या मद्यपीशी बोलले पाहिजे. त्याने तेथील धर्मोपदेशकास दूरध्वनी केला, आणि त्या धाग्याने त्याची डॉक्टर बॉब स्मिथ यांच्याशी भेट झाली. ते शल्यवैद्य होते, आणि स्वतः दारूच्या पायी बुडाले होते. दोघेही सुटले. त्यातून 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' ही मंडळी उभी राहिली. १९५७ साली ती मुंबईस आली. त्याच ॲक्रनमधील सेंट थॉमस रुग्णालयात इग्नेशिया नामक धर्मभगिनीने १९३९ साली डॉक्टर बॉब यांच्या मद्यपी रुग्णांस खाटा मिळवून दिल्या. त्या काळी रुग्णालये अशा माणसांस दारातही उभे करीत नसत. ह्या मंडळीत फी नाही, उपदेशक नाही; एक सुटलेला मनुष्य दुसऱ्यास सांगतो की मीही तेथेच होतो. नाव गुप्त राहते, मनुष्य मात्र एकटा राहत नाही. "कोणाला कळू देऊ नका" म्हणणाऱ्यास ह्याहून चांगले उत्तर आम्हांस ठाऊक नाही.

आपल्या महाराष्ट्रातच पाहा. १९८१ साली मुंबईस वांद्रे येथील माउंट कार्मेल चर्चमध्ये फादर ज्यो परेरा यांनी 'कृपा' ही संस्था सुरू केली. बारा पायऱ्यांच्या त्या मार्गास त्यांनी पुण्याचे योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांच्याकडून शिकलेल्या योगाची जोड दिली. १९८६ साली पुण्यास डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी, पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांच्या प्रतिष्ठानाच्या साहाय्याने, 'मुक्तांगण' स्थापिले. डॉ. अनिता १९९७ साली व अनिल अवचट २०२२ साली निवर्तले; कार्य मात्र चालू आहे. तेथे रुग्ण सुमारे पाच आठवडे राहतो, आणि त्याच्याशी बोलणाऱ्यांत स्वतः व्यसनातून सुटलेली माणसे असतात. पत्नींसाठी तेथे 'सहचरी' हा गट आहे. कारण पिणारा एक असला तरी आजारी सारे घर पडते. पुणे आपल्याला परके नाही. रुग्णास घेऊन सकाळी निघावे आणि संध्याकाळी परतावे, इतक्या अंतरावर ते आहे.

असे असूनही माणसे जात नाहीत. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या 'एम्स' संस्थेने केलेली पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या सुमारे ३८ माणसांमागे एकानेच काही उपचार घेतल्याचे तीत आढळले. उरलेले सदतीस कोठे आहेत? ते घरात आहेत. त्यांस औषध अडवीत नाही, अंतर अडवीत नाही. "लोक काय म्हणतील" हे अडविते. आणि ते लोक म्हणजे आपणच आहोत.

म्हणून आता आम्ही व्यसनी मनुष्यास सोडून तुम्हां इतरांकडे वळतो. मिस्सेनंतर आवारात ज्याच्याविषयी कुजबुज होते, तो पुढल्या रविवारी येत नाही. लग्नाच्या मांडवात, "आज एक तरी घे, आनंदाचा दिवस आहे," असा आग्रह जो करतो, तो सहा महिन्यांचे श्रम एका घोटात बुडवितो. पुण्याहून उपचार घेऊन परतलेल्यास, "आता किती दिवस टिकतो पाहू," असे जो म्हणतो, तो त्यास पुन्हा ढकलतो. आणि जो परतून पुन्हा घसरला, त्याच्याविषयी हे ध्यानात धरा की हा रोग मधुमेहासारखा आहे. साखर पुन्हा वाढली म्हणून आपण रुग्णास घराबाहेर काढीत नाही, पुन्हा वैद्याकडे नेतो.

घरच्या मंडळींस दोन गोष्टी विनवितो. पहिली : दारू सोडविण्याची म्हणून जी पूड चहात वा भाजीत न कळत घालण्यास विकतात, तिच्या नादी लागू नका. तीत काय असते ते विकणारा सांगत नाही. डायसल्फिराम नावाचे जे औषध ह्या कामी आहे, ते वैद्याच्या देखरेखीखाली, रुग्णास सांगून व त्याच्या संमतीनेच द्यावयाचे असते. ते पोटात असता मनुष्य दारू प्याला तर रक्तदाब एकाएकी उतरतो, आणि प्राणही जाऊ शकतो. दुसरी : जेथे मनुष्यास साखळदंडाने बांधतात वा मारहाण करतात, अशा ठिकाणी त्यास टाकू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने साखळीने बांधणे निषिद्ध केले आहे. केंद्राची नोंदणी आहे काय, आणि तेथे वैद्य असतो काय, हे विचारण्यास संकोच करू नका.

भगिनींनो, पतीचे देणे गुपचूप फेडणे, मुकादमास वा साहेबास "त्यांना ताप आहे" असे सांगणे, हे तुम्ही प्रेमाने करता. पण त्यामुळे व्यसनाचा खर्च तुम्ही भरता आणि व्यसन निर्धास्त राहते. मार खाणे हे तर पत्नीधर्मात मुळीच येत नाही. अशा वेळी मुलांस घेऊन सुरक्षित जागी जावे; आमचे दार उघडे आहे.

आता ज्याने हे ऐकून मनात काही ठरविले असेल त्यास थोडक्यात सांगतो. आज रात्री एकाच मनुष्यास सांगा : पत्नीस, भावास, वडील मुलास, किंवा आम्हांस. रोज पीत असाल तर एकदम बंद करण्यापूर्वी वैद्यास भेटा. बारामतीचे सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालय आहे, इंदापुरासही सरकारी रुग्णालय आहे. तेथवर पाय वळत नसतील तर दूरध्वनी करा. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा, व मनाच्या आजारासाठी १४४१६ हा सरकारी क्रमांक असून दोहोंस पैसे पडत नाहीत. आमच्याकडे आलात तर शपथ आधी मागणार नाही. आधी तुमच्याबरोबर रुग्णालयात येऊ. शपथ त्यानंतर, आणि तीही मॅट टॅलबटप्रमाणे थोड्या दिवसांची.

शेवटी शुभवर्तमानातील एका प्रसंगाकडे लक्ष वेधितो. बेथानी गावी लाजरस चार दिवस कबरेत होता. प्रभूने त्यास हाक मारिली आणि तो जिवंत होऊन बाहेर आला. पण त्याचे हातपाय प्रेतवस्त्रांनी बांधलेलेच होते. ज्या प्रभूने मेलेल्यास उठविले त्यास त्या गाठी सोडणे अवघड नव्हते. तरीही ते काम त्याने सभोवार उभ्या असलेल्या शेजाऱ्यांवर सोपविले. बाहेर पाऊल टाकणे हे लाजरसाचे काम. गाठी सोडणे हे गावाचे. आपल्या धर्मग्रामातील जो कोणी उद्या पहिले पाऊल टाकील, त्याच्या गाठी सोडण्यास आपले हात पुढे यावेत, हीच ह्या महोत्सवी आमची प्रार्थना आहे.

देव तुम्हां सर्वांचे कल्याण करो.